अभ्यासक्रमाचं वेबपान तासांच्या क्रमानं रचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातल्या अनुदानित महाविद्यालयात एक प्राध्यापिका एस.वाय.बी.ए.ला मराठी माध्यमातून अर्थशास्त्र शिकवतात. कॉलेजचं मूडल आहे, म्हणजे अभ्यासक्रमांची पानं चालवायचं सॉफ्टवेअर. त्यावर त्यांनी 'नोट्स', 'पीपीटी', 'जुन्या प्रश्नपत्रिका' असे फोल्डर करून सगळं साहित्य टाकलं आहे. तरी रोज व्हॉट्सॲपवर विचारणा येतेच, "मॅडम, नोट्स कुठे आहेत?" परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तर फोन खाली ठेवता येत नाही. त्यांना विचारायचं आहे की पान नव्यानं रचायचं तर सुरुवात कुठून करावी, कोणतं साधन घ्यावं, आणि ते दिसायला कसं असावं.

मॅडम, तुमच्याकडे साहित्य भरपूर आहे, अडलंय ते मांडणीत. 'नोट्स' आणि 'पीपीटी' हे कप्पे शिक्षकाच्या सोयीचे असतात, कारण फाइल तयार करताना तिचा प्रकार आपल्या डोक्यात असतो. विद्यार्थी पानावर येतो ते वेगळेच प्रश्न घेऊन. काल तास चुकला, काय झालं? उद्या काय वाचून जायचं? इंटर्नलला कुठपर्यंत आहे? हे तिन्ही प्रश्न तारखेला बांधलेले आहेत. तुमच्या फोल्डरमध्ये 'युनिट २ फायनल न्यू' नावाची पीडीएफ असेल, पण परवाचा तास तिच्यातल्या कोणत्या पानापर्यंत झाला हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग मुलगी फोल्डर बंद करते आणि तुम्हाला मेसेज टाकते. तिला तुम्हाला विचारणं हाच जवळचा रस्ता वाटतो.

मी बरीच वर्षं महाविद्यालयीन अभ्यासक्रमांची पानं रचतो आणि शिक्षकांना ती रचायला मदत करतो. एकच बदल करायला वेळ असेल तर मी हाच सुचवेन: पान तासांच्या क्रमानं रचा. आठवडा पहिला, दुसरा, तिसरा असं, आणि त्या त्या आठवड्याची टिपणं, वाचन, गृहपाठ, जुने प्रश्न हे सगळं त्या आठवड्याखालीच. प्रकारानुसार कप्पे ठेवूच नका.

यावर शिक्षक हमखास सांगतात, "पण अमेरिकेतल्या एमआयटीच्या साइटवर तर प्रकारानुसारच आहे." खरं आहे. एमआयटीनं ओपनकोर्सवेअरची, म्हणजे आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर सगळ्यांना खुले करण्याच्या उपक्रमाची, घोषणा २००१ साली केली आणि २००२ मध्ये पहिले काही अभ्यासक्रम खुले केले. तिथे डाव्या हाताला अभ्यासक्रम, वेळापत्रक, वाचन, व्याख्यानं, स्वाध्याय, परीक्षा अशी मांडणी असायची आणि जगभरच्या साइटनी ती उचलली. पण ते प्रकाशन आहे. शिकवून झालेला अभ्यासक्रम बाहेरच्या माणसाला पाहता यावा म्हणून केलेलं. त्याला उद्या तासाला बसायचं नसतं. त्याच एमआयटीतल्या शिक्षकांनी चालू वर्गासाठी केलेली पानं पाहा. 'वितरित प्रणाली' हा तिथला गाजलेला संगणकशास्त्राचा विषय घ्या. त्यातलं कामाचं पान म्हणजे एक साधं वेळापत्रक: तारीख, विषय, तासाआधी काय वाचायचं, कोणता स्वाध्याय कधी द्यायचा. सजावट जवळजवळ नाही. आपल्याला नक्कल करायचीच तर या पानाची करावी.

आता प्रत्यक्ष रचना. यूजीसीच्या हिशोबानं थिअरी विषयाचा १ श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे १५ तास, तेव्हा ४ श्रेयांकांच्या विषयाला सत्रात ६० तास येतात, साधारण १५ आठवडे. म्हणजे तुमच्या पानावर १५ भाग असतील. त्यांच्या वर एक छोटा चौकोन असावा. त्यात फक्त या आठवड्याचं: कोणता घटक चालू आहे, पुढची जमा करायची गोष्ट कोणती आणि कोणत्या वारी, इंटर्नलची तारीख आणि तिथवरचा अभ्यासक्रम. प्राचार्यांचा संदेश, विभागाचं ध्येयवाक्य, तुमच्या पदव्या, यांतलं काहीही त्या चौकोनात नको. नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी, ते हवं असेल तर 'अभ्यासक्रमाविषयी' असं एक वेगळं पान करा आणि तळाशी दुवा द्या.

एका आठवड्याचा मजकूर कसा असावा हे सांगण्यापेक्षा लिहूनच दाखवतो.

"आठवडा ४: सोमवार ११ ऑगस्ट ते गुरुवार १४ ऑगस्ट (शुक्रवारी १५ ऑगस्ट, तास नाही).
राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या तीन पद्धती.
तासाला येण्याआधी: हे उदाहरण वहीत सोडवून आणा. शेतकऱ्यानं ज्वारी २० रुपयांना विकली, गिरणीवाल्यानं तिचं पीठ ३० रुपयांना विकलं, खानावळीनं त्याच्या भाकरी ५० रुपयांना विकल्या. राष्ट्रीय उत्पन्नात १०० रुपये धरायचे की ५०? कारण दोन ओळींत. (१० मिनिटं)
तासात: सोमवारी उत्पादन पद्धत आणि दुहेरी मोजणी. बुधवारी उत्पन्न पद्धत आणि खर्च पद्धत. गुरुवारी तिन्ही पद्धतींचं उत्तर एकच का येतं यावर गटचर्चा.
तास चुकला असेल तर: टिपणाचे पहिले दोन भाग वाचा, मग ज्वारीचं उदाहरण सोडवा. उत्तर ५० आलं नाही तर बुधवारच्या तासाआधी मला भेटा.
आणखी वाचायचं असेल तर: महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीतलं राज्य उत्पन्नावरचं प्रकरण. मराठीत आहे. त्यात आधारभूत वर्ष कोणतं लिहिलं आहे आणि का, एवढंच शोधा.
जमा करा: स्वाध्याय २, सोमवार १८ ऑगस्ट, ११.१५ च्या तासाला, वहीत."

बघा, यात किती ओळी क्रियापदानं काम सांगतात. सोडवून आणा, वाचा, भेटा, शोधा, जमा करा. 'युनिट २ – राष्ट्रीय उत्पन्न – पीडीएफ' असा नुसता दुवा दिला की पुढचा निर्णय विद्यार्थ्यावर येतो आणि सगळंच वाचायचं म्हटल्यावर काहीच वाचलं जात नाही. दुव्याला कामाची जोड द्या. कामाला किती वेळ लागेल तेही लिहा. गावाहून एस.टी.नं येणारी, घरी गेल्यावर चुलीपाशी बसणारी मुलगी १० मिनिटांचं काम एस.टी.त करते. "प्रकरण ३ वाचा" एवढंच असेल तर ते रविवारवर जातं, आणि रविवारी दुसरीच कामं निघतात.

'तास चुकला असेल तर' ही ओळ मी प्रत्येक आठवड्यात आग्रहानं ठेवायला लावतो. आपल्याकडे पेरणी, काढणी, लग्नसराई, भरतीची तयारी, बहिणीचं बाळंतपण, अशा खऱ्या कारणांनी मुलं गैरहजर असतात. दोन तास चुकले की तिसऱ्याला येण्याची लाज वाटते, आणि तिथून गळती सुरू होते. काय करून परत यायचं हे ज्याला कळतं तो परत येतो. माझ्या मते पूर्ण पानावरची सगळ्यांत मोलाची ओळ हीच.

ज्वारीच्या उदाहरणात मी उत्तर लपवलं नाही. ५० हे उत्तर सगळ्यांना कळलेलं बरं, कारण प्रश्न कारणाचा आहे. २०, १० आणि २० अशी प्रत्येक टप्प्यावरची मूल्यवृद्धी मिळवली की ५० येतात, आणि १०० धरले तर ज्वारी तीनदा आणि पीठ दोनदा मोजलं जातं. हे स्पष्टीकरण तास झाल्यावर त्याच आठवड्याखाली टाका. वर्गात कुणी चांगली शंका काढली असेल तर तीही उत्तरासकट तिथेच लिहा. "गिरणीवाल्याची वीज कुठे धरायची?" असं कुणी विचारलं तर ते पुढच्या वर्षीच्या मुलांसाठीही सोनं आहे.

आता जुन्या प्रश्नपत्रिका. मुलं पानावर सर्वांत जास्त कशासाठी येतात तर यासाठी, म्हणून इथे वेळ घाला. पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांच्या पाच पीडीएफ टाकून फारसं साधत नाही. एकेक प्रश्न सुटा करा आणि ज्या आठवड्यात त्याचं उत्तर शिकवलं जातं त्या आठवड्याखाली ठेवा, परीक्षेचा महिना, वर्ष आणि गुण लिहून. काम किचकट आहे, पण एकदा केलं की अभ्यासक्रम बदलेपर्यंत पुरतं. परिणाम असा होतो की चौथ्या आठवड्यातच विद्यार्थ्याला दिसतं, दुहेरी मोजणीवर टीप पुन्हा पुन्हा येते आणि तिला किती लिहावं लागतं. परीक्षेच्या आदल्या रात्री जे कळायचं ते सत्राच्या मध्यात कळतं.

याच्याही पुढे जायची तयारी असेल तर एका प्रश्नाची दोन उत्तरं टाका, एक ८ पैकी ४ गुणांचं आणि एक ७ गुणांचं, आणि समासात तुमचे शेरे. "व्याख्या बरोबर, पण आकृतीत अक्षांना नावं नाहीत." "उदाहरण पाठ्यपुस्तकातलंच आहे, चालेल, पण निष्कर्ष लिहिलेला नाही." लिहिणाऱ्याची परवानगी घ्या, नाव आणि बैठक क्रमांक काढा, शक्यतो मजकूर स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहा. मराठी माध्यमाच्या मुलांना उत्तर कसं लिहायचं हे फार क्वचित कुणी दाखवतं. बाजारातल्या गाइडमध्ये उत्तरं मिळतात, पण ७ गुणांचं उत्तर ७ चं का आहे हे गाइड सांगत नाही.

हे सगळं फोनवर पाहिलं जाणार आहे, हे गृहीत धरूनच रचा. कॉम्प्युटरवर छान दिसणारा चार स्तंभांचा तक्ता फोनवर एकतर बाहेर पळतो किंवा अक्षर इतकं बारीक होतं की दोन बोटांनी ओढत बसावं लागतं. म्हणून वर दाखवलं तसं एकाखाली एक लिहा. टिपणं पीडीएफऐवजी पानावरच मजकूर म्हणून ठेवा. पीडीएफ आधी उतरवावी लागते, मग ती फोनच्या कुठल्या फोल्डरमध्ये गेली ते शोधावं लागतं, आणि ए-४ कागदाच्या मापाची ओळ फोनवर डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागते. पानावरचा मजकूर पडद्याच्या रुंदीला आपोआप बसतो, शोधता येतो, आणि चूक सापडली तर एका जागी सुधारता येते. पीडीएफ ठेवायची ती छापून घ्यायच्या गोष्टींची: स्वाध्यायपत्रिका, सरावाची प्रश्नपत्रिका. तिथे दुव्याशेजारी आकार लिहा, '२ एमबी, ६ पानं' असा. फळ्याचा फोटो टाकत असाल तर फोननं काढलेला मूळ फोटो तसाच टाकू नका, तो कित्येक एमबीचा असतो. लहान करून दोन-तीनशे केबीवर आणला तरी अक्षर वाचता येतं.

मराठी मजकुराचे स्वतःचे प्रश्न असतात आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शनात ते सापडत नाहीत, म्हणून जरा थांबून लिहितो. तुमच्या जुन्या नोट्स श्री-लिपी किंवा कृतीदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील (युनिकोड म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखी चालणारी अक्षरांची संकेतपद्धत) तर त्या वेबपानावर चिकटवल्यावर निरर्थक रोमन अक्षरं दिसतील. आधी परिवर्तकातून (कन्व्हर्टरमधून) युनिकोड करून घ्या आणि मग डोळ्यांनी वाचा. रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार हमखास इकडेतिकडे होतात. छापील किंवा स्कॅन केलेल्या पानांसाठी गूगल ड्राइव्हमधली अक्षर-ओळख मराठीवर बरीच चांगली चालते. ती ९० ओळी नीट देईल आणि एका ओळीत 'घट'चं 'घाट' करेल, तेव्हा मुद्रितशोधन चुकवू नका.

वेगळा फॉन्ट चढवण्याच्या फंदात पडू नका. अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी फॉन्ट असतोच, तो वापरला की पान लगेच उघडतं. ओळींतलं अंतर मात्र वाढवा. आपल्या लिपीत मात्रा वर जातात आणि उकार खाली येतात. इंग्रजीसाठी ठरवलेलं अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. अक्षराच्या उंचीच्या १.६ ते १.७ पट अंतर मला डोळ्यांना बरं वाटतं. काही तयार साच्यांत शीर्षकाच्या अक्षरांमध्ये अंतर सोडलेलं असतं. ते शून्य करा, नाहीतर शिरोरेखा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांची रांग होतो. तिरप्या अक्षरांत देवनागरी वाचवत नाही. जोर द्यायचा तिथे ठळक अक्षर वापरा, तेही मोजकं.

दोन बारीक गोष्टी आहेत, पण त्यांनी पुढचा त्रास वाचतो. फाइलचं आणि पानाच्या पत्त्याचं नाव रोमन अक्षरांत ठेवा. पत्त्यात देवनागरी घातली की दुवा पाठवताना तिचं संकेतांत रूपांतर होतं आणि एकेका वर्णखुणेची नऊ चिन्हं होतात. नुसत्या 'मराठी' या शब्दाची ४५ चिन्हं होतात. व्हॉट्सॲपमध्ये असा दुवा तीन-चार ओळी खातो, कधी मधेच तुटतो, आणि पाहणाऱ्याला तो संशयास्पद वाटतो. दुसरी गोष्ट 'दुसऱ्या', 'शेतकऱ्या' यांतला ऱ्य. तो टंकण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्हींनी दिसायला अक्षर सारखंच येतं. पण एका रीतीनं लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीनं शोधला तर सापडेलच असं नाही. एकच कळफलक ठरवून घ्या आणि पूर्ण पान त्यावरच लिहा. स्वतः एचटीएमएल लिहीत असाल तर पानाची भाषा मराठी आहे हे त्यात नोंदवा. मूडलमध्ये ते अभ्यासक्रमाच्या सेटिंगमध्ये करता येतं. त्यामुळे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडतं.

यावरून दृष्टिहीन विद्यार्थ्यांकडे येतो. तुमच्या वर्गात आज कुणी नसेल, पुढच्या वर्षी असेल. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात माहिती सुगम्य असण्याची तरतूद आहे, आणि तरतूद नसती तरी हे करायला हवं. एनव्हीडीए हा कॉम्प्युटरवर मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम मोफत आहे, फोनवर टॉकबॅक असतो, दोन्ही मराठी वाचू शकतात. पण स्कॅन केलेली पीडीएफ त्यांच्या दृष्टीनं कोरा कागद आहे. अर्थशास्त्रात तर आकृत्या पावलोपावली. आकृतीखाली 'आकृती ३: उपभोग फलन' एवढं लिहून भागत नाही. असं लिहा: "आडव्या अक्षावर उत्पन्न, उभ्या अक्षावर उपभोग. उपभोग रेषा उभ्या अक्षाला १०० वर छेदते आणि ०.७५ च्या उतारानं वर जाते. ४५ अंशांच्या रेषेला ती उत्पन्न ४०० असताना छेदते. त्याच्या डावीकडे उपभोग उत्पन्नापेक्षा जास्त, म्हणजे बचत ऋण. उजवीकडे बचत धन." हे वाचून दृष्टिहीन विद्यार्थी आकृती उभी करू शकतो. आणि डोळस विद्यार्थ्यालाही आकृती कशी 'वाचायची' हे पहिल्यांदा कळतं, कारण आपण ती फळ्यावर काढतो तेव्हा बोलत असतो, आणि ते बोलणं वहीत उतरत नाही.

रंगांबद्दल तुम्ही विचारलंत. पांढरी किंवा फिकट पार्श्वभूमी, काळसर अक्षर, दुव्यांना एक रंग. बस. आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांनुसार मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ हवा. फिकट राखाडीवर पिवळं किंवा उजळ फोटोवर पांढरं अक्षर तो पाळत नाही. उन्हात, बस स्टँडवर, कमी केलेल्या उजेडात वाचून पाहा, म्हणजे निकष न मोजताही कळेल. सरकणाऱ्या पाट्या आणि लुकलुकणारं 'न्यू' काढून टाका.

साधन कोणतं? मूडल आहे ना, तेच ठेवा. मार्टिन डूगियामास यांनी ते २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधून खुलं केलं तेव्हापासून त्यात साप्ताहिक मांडणीची सोय आहे. सेटिंगमध्ये अभ्यासक्रमाचं स्वरूप 'साप्ताहिक' करा, सत्राची सुरुवातीची तारीख द्या, चालू आठवडा ते आपोआप उठावदार दाखवतं. साहित्य टाकताना 'फाइल' न निवडता 'पेज' निवडा. खरी अडचण लॉगिनची असते. अर्ध्या वर्गाचा पासवर्ड हरवलेला असतो आणि तो परत मिळवायला ऑफिसात खेटे घालावे लागतात. अतिथी प्रवेश चालू करून घ्या, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचता येईल. तुमच्या मूडलचा कारभार पाहणारे ते करू देत नसतील तर गूगल साइट्सवर खुलं पान करा आणि मूडल फक्त स्वाध्याय जमा करायला आणि गुणांसाठी ठेवा. गूगल साइट्सचं पान फोनवर नीट दिसतं आणि त्याला खर्च नाही. पान कॉम्प्युटरवर बसून घडवावं लागेल, एवढं लक्षात घ्या.

खुल्या पानावर काय ठेवायचं नाही हेही सांगतो. नावं आणि पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी) क्रमांकासह गुणांची यादी कधीच नाही, हजेरीची काळी यादी तर मुळीच नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण एखाद्या मुलीचे नापासाचे गुण तिच्या गावभर फिरू नयेत हे कायद्याआधीही खरं होतं. प्रकाशकाच्या पुस्तकाचं स्कॅनही नको. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं अध्यापनासाठीच्या उताऱ्यांच्या संचांना मोकळीक दिली, ती भारतीय कॉपीराइट कायद्यातल्या शिक्षणाच्या अपवादावर. तो निकाल वर्गासाठीच्या फोटोकॉपींचा होता. संपूर्ण पुस्तक इंटरनेटवर उघडं टाकायला त्याचा आधार घेऊ नये. त्याऐवजी पुस्तकाचं नाव, प्रकरण, पानं आणि तुमच्या ग्रंथालयातला दाखल क्रमांक लिहा. ग्रंथालयातला क्रमांक लिहिला की मुलं खरोखर जाऊन पुस्तक मागतात. तुमच्या स्वतःच्या टिपणांवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना वापरायची मोकळीक देणारा, परवाना लिहून टाका, दुसऱ्या महाविद्यालयातले शिक्षक ती बिनधास्त वापरतील. मराठीत असं साहित्य फार थोडं आहे.

संज्ञांची यादी तळाशी ठेवा, मराठी संज्ञा आणि शेजारी तिचं इंग्रजी रूप. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका, पाठ्यपुस्तक आणि स्पर्धा परीक्षेचं पुस्तक तिघांत वेगवेगळे शब्द असतात. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आता ऑनलाइन आहेत, तिथून ताडून घ्या.

व्हॉट्सॲपचा गट बंद करू नका, त्याचं काम मर्यादित करा. गट ही शाळेची घंटा समजा: घंटा वाजते, शिकवणं वर्गात होतं. गटावर फक्त "आठवडा ४ चं पान पूर्ण झालं आहे" आणि दुवा. फाइल गटावर एकदाही पाठवू नका. एकदा पाठवलीत की मुलं पुढच्या फाइलची गटावरच वाट बघतात, पान ओस पडतं. "नोट्स कुठे आहेत?" असं कुणी विचारलं तर रागावू नका, उत्तर म्हणून त्या आठवड्याचा थेट दुवा द्या, दर वेळी. साधारण महिन्याभरात विचारणं कमी होतं. पानाचा छोटा पत्ता आणि क्यूआर कोड वर्गाच्या फलकावर कायमचा लावा, आणि तो पत्ता पुढे बदलू नका.

पान जगतं ते तास संपल्यावरच्या दहा मिनिटांवर. स्टाफरूममध्ये येऊन चहा घेण्याआधी प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. ठरवलेलं तीन पद्धतींपैकी दोनच झालं असेल तर तसं लिहा आणि तिसरी पुढच्या आठवड्यात सरकवा. सुटी जाहीर झाली, निवडणुकीची ड्यूटी लागली, तर तेही. तारीख नेहमी वारासकट लिहा. '१२/८' पेक्षा 'मंगळवार १२ ऑगस्ट' वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं. वर 'शेवटचा बदल: गुरुवार, दुपारी १.३०' अशी ओळ ठेवा. ती दोन आठवडे जुनी दिसली की मुलं पानावर विश्वास ठेवणं सोडतात, आणि एकदा गेलेला विश्वास सत्रभर परत येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी १५ आठवड्यांचं भव्य पान बांधायच्या आधी स्वतःला विचारा, हे दर आठवड्याला होईल का? होणार नसेल तर आठवड्याचा मजकूर चार ओळींचा करा, पण चुकवू नका.

दुसऱ्या आठवड्यानंतर एक तपासणी करा. तास चुकलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला त्याच्याच फोनवर पान उघडायला सांगा आणि म्हणा, "बुधवारी काय झालं आणि उद्या काय आणायचंय, शोध बरं." मग गप्प बसा. कुठे थांबतो, काय आधी दाबतो, कुठे परत फिरतो ते पाहा. 'वर बघ' असं सांगायचा मोह होईल, तो आवरा. वेबपानं वापरायला किती सोपी आहेत हे तपासणारे तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी २००० साली मांडलं की पाच माणसं अशी बसवली तर बहुतेक अडचणी उघड होतात. माझा अनुभव आहे की अभ्यासक्रमाच्या पानाला तीनही पुरतात, फक्त त्यांत वर्गातला हुशार विद्यार्थी नको, त्याला कसंही पान चालतं.

दुवे सत्राच्या मध्यात एकदा दाबून पाहा. सरकारी संकेतस्थळं हलतात, जुने पत्ते मरतात. ज्या दस्तऐवजावर स्वाध्याय बेतला असेल त्याचं पूर्ण नाव आणि वर्ष दुव्याशेजारी लिहिलेलं असेल तर पत्ता मेला तरी तो शोधून काढता येतो.

सत्र संपल्यावर त्याच पानावर पुढच्या वर्षाचा मजकूर चढवू नका. एटीकेटी लागलेल्या मुलांना जुनंच पान लागतं. पानाची प्रत काढा, तिच्या पत्त्यात नवं शैक्षणिक वर्ष घाला, आणि जुन्या पानावर वर एक ओळ लिहा की हे अमुक वर्षाचं आहे, चालू वर्षाचं इथे. मूडलमधून अभ्यासक्रमाचा बॅकअप उतरवून विभागाच्या कॉम्प्युटरवर ठेवा आणि खात्याच्या दुसऱ्या एखाद्या सहकाऱ्यालाही संपादनाचा अधिकार द्या. तुमची बदली झाली, रजा लागली किंवा दुसऱ्या वर्षाचे तास तासिका तत्त्वावरच्या नव्या शिक्षकाकडे गेले, तर त्याला पहिल्याच दिवशी हातात १५ आठवड्यांचा लिहिलेला वर्ग मिळेल.